हलाखीची कुस्ती

बेळगाव भागात पन्नाशी ओलांडलेले चार जण एका कट्ट्यावर बसले, वन बाय टू चहा आला, कोपऱ्यावरनं चुरमुऱ्याचं गिरमिट आणि मिरची भजीची पुडी आली, की अर्ध्या तासात कुणीतरी शड्डू ठोकतोच. सुरुवात बहुतेक वेळा पोरांवरून होते. "आमच्या नातवाला शाळेची बस दारात यायला पाहिजे. नाहीतर म्हणे पाय दुखतात." पलीकडचा लगेच अंगावर येतो, "तुमच्या गावाला शाळा तरी होती गा. आम्ही ओढा ओलांडून जात होतो." तिसरा हसतो. "ओढ्याला पाणी होतं म्हणजे तुम्ही श्रीमंतच की मर्दा."

बालपण कुणाचं जास्त खडतर, याची ही कुस्ती. हिला इनाम नसतं, पंचही नसतो, तरी नियम सगळ्यांना पाठ असतात. आधीच्याच्या हलाखीवर आपली हलाखी एक पायरी वर चढवायची. आवाज चढवला तर चालतो, डोळे भरून आलेले चालत नाहीत. "बिचारा" म्हणून कुणी खांद्यावर हात ठेवला, की फड तिथंच मोडला. आणि सगळ्यात मोठा नियम तपशिलाचा. नुसतं "लई हाल काढलो गा" म्हणणाऱ्याला इथं कुणी विचारत नाही. हाल कसे काढले, कशाने काढले, त्यात काय बिघडायचं, हे सांगता आलं पाहिजे. ज्याने सोसलंय तो सामानाची नावं चुकत नाही. ऐकीव माल घेऊन आलेला तिसऱ्या प्रश्नाला उताणा होतो.

या खेळाला आमच्या जिल्ह्यासारखी माती दुसरीकडे मिळणं अवघड. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबीचा घाटमाथा, जिथं मलप्रभा उगवते आणि हंगामात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला अथणी, जिथं वर्षाकाठी पाचशे-सहाशेच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. मध्ये निपाणीची तंबाखू, वडगाव-शहापूर-खासबागचे माग, कडोली-येळ्ळूरकडची भातशेती, पश्चिमेच्या लाल मातीतली रताळी. एकाच जिल्ह्यातले दोघे बसले तरी एकाच्या लहानपणी पाणी जास्त झालेलं असतं आणि दुसऱ्याच्या कमी पडलेलं.

खानापूरवाला बोलायला लागला की पहिलं येतं पोतं. पोत्याची खोळ करणं दिसतं तितकं सोपं नाही. तागाचं पोतं उलटं धरायचं, तळाचा एक कोपरा आतल्या बाजूने दुसऱ्या कोपऱ्यात ढकलायचा, की टोकदार टोपरं तयार होतं. ते डोक्यावर, बाकीचं पाठीवर. शंभर किलोचं पोतं मोठ्या माणसाला बसतं, पोराला ते टाचेत अडकून पाडतं. पोराला पन्नास किलोचं. पण ताग पाणी पितो. तासाभराच्या पावसात पोतं चांगलंच जड होतं आणि पाठ भिजते ती भिजतेच. म्हणून जाणते लोक युरियाच्या पिशवीतला आतला पातळ प्लॅस्टिकचा कागद धुऊन तागाच्या आत घालायचे. नुसता कागद पांघरला तर वारा तो हातातून नेतो, आणि त्यावर पाऊस इतका वाजतो की मागून आलेली म्हैस ऐकू येत नाही. वरची विणलेली पांढरी पिशवी घेतली तर तिची तळाची शिवण कपाळावर येते आणि सुईच्या भोकांतून थेंब नेमका नाकाच्या शेंड्यावर पडतो. थेंब कुठं पडायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवायला हरकत नाही. (इरली होती की, असं मध्येच कुणी म्हणतं. होती, पण बांबूच्या कामट्यांचं नि पानांचं ते छत रोप लावताना वाकलेल्या पाठीवर शोभायचं. शाळेच्या दारातून आत नेणार कसं?)

मग जळवा. खानापूरच्या रानातून पावसाळ्यात चालणारं पोर मिठाची पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधून घ्यायचं. पुरचुंडी ओली करून जळूला टेकवली की ती आपणहून सुटते. ओढून काढली तर जखम फाटते. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती सुटल्यावरही बराच वेळ रक्त वाहत राहतं. वर्गात बसल्यावर शेजारच्याला कळायचं की याच्या पोटरीवरनं लाल ओघळ आलाय. ओलसर पाटीवर पेन्सिल उठत नाही, ती चुलीजवळ धरली तर तडकते, म्हणून पहिला तास पाटीला वारा घालण्यात जायचा. ओढ्यावरचा लाकडांचा साकव पहिल्या मोठ्या पुरात जायचाच. "आमची शाळा ओढाच भरवायचा नि ओढाच सोडायचा," हे वाक्य खानापूरवाले इतक्या सफाईने टाकतात की ते पाठ केलेलं असावं अशी शंका येते.

अथणीकडचा गडी हे सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि एवढंच विचारतो, "पाऊस पडला म्हणून रडतोस व्हय रं?"

त्याच्याकडे आड असतो. तळ न दिसणारा, आणि कडेला दोराने घासून खाचा पडलेला दगड. पहिला सवाल त्यालाच करायचा असतो: कळशी सुटून आत पडली तर काढायची कशी? खरा अथणीवाला लगेच गळ सांगतो. चार-पाच लोखंडी आकड्यांचा झुबका दोराला बांधून आत सोडायचा, तळाला टेकला की हळूहळू गोल फिरवत वर घ्यायचा, कळशीचा काठ एखाद्या आकड्यात सापडतो. गळ प्रत्येक घरी नसायचा. गल्लीत एखाद्याकडे असायचा, आणि तो मागायला गेल्यावर आधी बोलणी खायची, मग गळ मिळायचा. भरलेली घागर डोक्यावर घेताना वर निंबाचा डहाळा किंवा दोन-चार पानं टाकायची, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. चुंबळ जुन्या लुगड्याची बरी, कारण ती मऊ असते आणि दबून बसते. नव्या कापडाची सरकते.

इथं हिशेब तपासायची सोय आहे. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची पितळी घागर भांड्याच्या वजनासकट वीस किलोच्या जवळ जाते. तेव्हा "मी सहा वर्षांचा असताना दोन-दोन घागरी आणलो" असं कुणी म्हणाला तर त्याला तिथंच धरायचा. सहा वर्षांच्या पोराचं स्वतःचं वजन तेवढं असतं. तो कळशी आणत असेल, तीही अर्धी. आणि तेवढं पुरेसं अवघड असतं, वाढवून सांगायची गरज नसते.

याच गावकऱ्यांचा सगळ्यात जुना डाव म्हणजे बाहत्तरचा दुष्काळ. तो पडला की समोरचे गप्प बसतात. पण त्याला वयाची अट आहे. ज्याचा जन्म १९७५ चा, त्याने बाहत्तर काढायचं नाही. आईकडून ऐकलेला दुष्काळ आईच्या नावावर जमा होतो.

अनवाणी पायांचा डाव सगळेच टाकतात, म्हणून त्याला भाव कमी. तरी त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. कोल्हापुरी म्हणून जगभर गेलेली चप्पल अथणी आणि निपाणीतही तयार होते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले चार जिल्हे धरले गेले, त्यात बेळगाव आलं. ज्या गल्लीत चामडं कमावून, शिवून, वेणी घालून चपलांचे जोड लागत होते, त्याच गल्लीतली पोरं अनवाणी शाळेला जात होती, कारण जोड विकायचा असायचा. पश्चिमेकडचं कारण वेगळं. चिखलात कातडं फुगतं, टाके सैल होतात, तळ सुटतो. त्यामुळे ज्याच्याकडे चप्पल होती तोही मिरगापासून दसऱ्यापर्यंत ती आढ्याला टांगून ठेवायचा. मधला मार्ग टायरच्या चपलेचा: लॉरीच्या टायरचा तळ, वरून पट्टे, बाभळीचा काटा आत येत नाही. तिचा दोष एकच. खिळे गंजून वर येतात आणि टाचेतच घुसतात.

उजेडाबद्दल बोलताना मात्र खेड्यांतले सगळे एका सुरात येतात. कंदिलाची काच पुसणं हे लहान पोराचं काम असायचं, आणि त्याला कारण होतं: मोठ्या माणसाची मूठ काचेत जात नाही. दिवस मावळायच्या आधी, काच पूर्ण गार असताना काढायची. तोंडाने आत वाफ सोडायची, चाळलेली मऊ राख फडक्यावर घेऊन गोल फिरवायची, मग वर्तमानपत्राच्या बोळ्याने कोरडी करायची. राखेत खडा राहिला तर काचेवर ओरखडा येतो, आणि पुढं कधीतरी तिथूनच ती तडकते. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की लगेच चिर. नव्या काचेचे पैसे आणि पाठीवरचा धपाटा एकाच दिवशी मिळायचे.

वात कापणं हे त्याहून नाजूक. पट्टीची वात कात्रीने सरळ रेषेत कापायची, मग दोन्ही टोकं किंचित छाटायची. एक बाजू उंच राहिली तर ज्योतीला शेंडी फुटते, त्या बाजूची काच काळी होते, आणि काळी झालेली बाजू जास्त तापून फुटते. वात उगीच वर केली की उजेड थोडा वाढतो, धूर पुष्कळ वाढतो आणि रॉकेल संपतं. रॉकेल रेशन कार्डावरचं, महिना निघायचा असायचा. कधी वात बरोबर, काच स्वच्छ, तरी ज्योत फडफडते. तेव्हा वातीखालची भोकाभोकांची चकती बघायची. पावसाळ्यातले किडे त्यात पडून भोकं बुजलेली असतात, हवा खालून येत नाही. खराट्याच्या काडीने ती एकेक मोकळी करायची. इतकं ज्याला सांगता येतं, त्याने दिव्याखाली अभ्यास केला की नाही हे विचारायची गरज नाही. निदान दिवा तरी केला.

कंदील बाहेरच्या खोलीत. आत चिमणी असायची: औषधाची बाटली, पत्र्याच्या बुचाला खिळ्याने पाडलेलं भोक, त्यात सायकलच्या ट्यूबचा जुना व्हॉल्व्ह, आणि त्यातून जुन्या धोतराची वात. सकाळी नाकपुड्या काळ्या झाल्या नाहीत तर रात्री अभ्यास केला नाही असं आई समजायची. पेटत्या चिमणीत रॉकेल ओतू नये हे प्रत्येक घरात सांगितलं जायचं, आणि तरी दर गावात हातावर भाजल्याची खूण असलेलं एक माणूस सापडतंच.

आता वडगावचा गडी. तो शहरातला, त्यामुळे बाकीचे आधी त्याला मोजतच नाहीत. "तुम्हाला नळ होता, लाइट होती, तुझं काय गा?" मग तो कांड्या काढतो. मागावर बसलेल्या बापाला लागणारी कांडी, म्हणजे आडव्या सुताची नळी, भरायची, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. सुताची लड फिरत्या फाळक्यावर चढवायची, टोक शोधायचं, चरख्यावर कांडी बसवायची, एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत. सूत बुडापासून भरत वर न्यायचं, थोडं थोडं, उतरतं. एकदम टोकापासून टोकापर्यंत गुंडाळलं तर मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातून सूत सुटताना अडकतं. चिमट सैल राहिली तर कांडी मऊ होते आणि धोटा पळताना सुताची वेटोळी एकदम घसरतात. कापडात गाठोडं अडकतं, बाणा (आडवा धागा) तुटतो, माग थांबतो. चिमट घट्ट झाली तर सूत तुटतं नि बोटाला चीर पडते. जाड भरली तर कांडी धोट्यात बसत नाही. माग थांबला की बापाची नजर लगेच चरख्याकडे यायची, कुणाची कांडी होती ते विचारावंही लागायचं नाही. आणि सुटका कशी? भरलेल्या कांड्यांची टोपली मागाच्या पुढं गेली की खेळायला मोकळीक. पण माग हातानं चालला तरी पोरापेक्षा जोरात चालायचा, आणि यंत्रमाग आल्यावर तर टोपली कधी भरलीच नाही. हे ऐकून खानापूरवाला एक भजी त्याच्याकडे सरकवतो. या खेळात याहून मोठी पावती नसते.

निपाणीचा माणूस शेवटी बोलतो. त्याच्याकडे विड्या असतात. तेंदूचं पान आदल्या संध्याकाळी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. जास्त ओलं राहिलं तर बुरशी येते, कोरडं राहिलं तर वळताना चिरतं. सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, जाड शीर काढायची, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, बारीक टोकाला दोरा, जाड टोकाचं तोंड नखाने आत मोडायचं. तोंड मोडणं आणि बंडल बांधणं ही पोरांची कामं, कारण बोटं बारीक. मजुरी हजारावर. पंचविसाचं बंडल धरलं तर हजाराला चाळीस बंडलं, त्यातून माल घेणारा सैल, आखूड, फाटकी म्हणून मूठभर छाट काढून टाकणार, आणि छाट गेली तरी पान नि जर्दा आपल्या हिशेबात. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीच्या कामावर पोरं ठेवायला बंदी आणली, पण घरच्या घरी घरच्यांनी केलेलं काम त्यातून वगळलं होतं. म्हणून कारखान्यातलं पोर घराच्या उंबऱ्यावर आलं, काम तेच राहिलं. जर्द्याच्या धुरळ्याने डोकं चढायचं, मळमळायचं. वर्गात पेंगणाऱ्या पोरावर गुरुजी आळशी म्हणून ओरडायचे.

काही सालं या कट्ट्यावर कुणी डाव म्हणून वापरत नाही. निपाणीकडे १९८१ चं तंबाखू आंदोलन, शरद जोशींच्या मागे शेतकरी हमरस्त्यावर बसले होते ते. आणि बेळगावकडे १९८६ चं कानडीसक्तीविरोधातलं. दोन्हींत गोळीबार झाले, माणसं गेली. त्यांचा उल्लेख आला की चेष्टा तेवढ्यापुरती थांबते आणि मग कुणीतरी मुद्दाम चहा मागवतं.

भाषेची हलाखी मात्र चेष्टेत चालते, आणि ती फक्त आमचीच. सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातल्या चंदगडचा किंवा गडहिंग्लजचा पाहुणा इथं आपोआप बाद होतो. घरी मराठी, शाळा मराठी, आणि फाट्यावर उभं राहिलं की येणाऱ्या बसची पाटी कानडी. आकडेसुद्धा कानडी. सहा आणि नऊ नवख्या डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून पोरं बस ओळखायची ती पोचा बघून, ड्रायव्हरची मिशी बघून, टपावरचा टायर बघून. चुकीच्या बसमध्ये चढलेला माणूस कंडक्टरने पुढच्या फाट्यावर उतरवला की तीन-चार किलोमीटर मागं चालत यायचा, आणि ती चाल हलाखीच्या खात्यात जमा करायचा. दहावीची परीक्षा एसएसएलसी, ६२५ गुणांची. कोल्हापूरच्या मामाला "चारशे पडले" म्हणून सांगितलं की तो आधी विचारणार, कितीपैकी? निकालाच्या दिवशी हिशेब समजावून सांगण्यातच पेढे संपायचे. माझ्या मते या डावाला पूर्वेकडच्या दुष्काळाइतकं वजन नाही, पण हशा यालाच सगळ्यात जास्त मिळतो, कारण इथं प्रत्येकाच्या पदरी एक तरी चुकलेली बस आहे.

या सगळ्या आखाड्यात एक गोष्ट खटकण्यासारखी आहे. कट्ट्यावर बसलेले सगळे पुरुष असतात. घागरीचा डाव टाकणाऱ्याला गल्लीतली एखादी आक्का जाता जाता विचारते, "पाणी तू आणत होतास व्हय रे? का तुझी बहीण?" आणि गडी आडवा होतो. कारण आड, चुंबळ, घागर हे बहुतेक घरांत बहिणीच्या वाट्याचं होतं. भावाला ते तपशील ठाऊक असतात ते रोज समोर पाहिल्यामुळे. विड्यांचंही तसंच. तोंडं मोडणारी पोरं उठून शाळेला जायची, पोरी मात्र मोडायच्या थांबून वळायला लागायच्या, आणि एकदा हात बसला की त्यांची शाळा सुटायची. बायकांची ही कुस्ती होते ती लग्नघरी, मांडवाच्या आदल्या रात्री, पुरणाची डाळ निवडताना. तिथं आवाज बारीक असतो आणि माप फार काटेकोर. सातवीतून शाळा सुटली का चौथीतून, धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात बसली का दाराबाहेर, यावर तिथं तास जातो. कट्ट्यावरच्यांनी एकदा त्या खोलीत पंच म्हणून बसावं. बसू देणार नाहीत, हा भाग वेगळा.

आता नवीन गडी मैदानात उतरलेत, हे जुन्यांना अजून पचलेलं नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली पोरं आज कॉलेजात आहेत आणि त्यांच्याकडेही माल आहे. खानापूरच्या रानातल्या गावांत रेंज नव्हती. घरात एकच फोन, भावंडं तीन, तिघांचे तास एकाच वेळी. ज्याची परीक्षा जवळ त्याचा फोन, बाकी दोघांनी दुसऱ्या दिवशी वह्या उतरवायच्या. रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर जायचं, तिथं एका विशिष्ट दगडावरच दोन काड्या दिसतात, खाली उतरलं की शून्य. पावसाळ्यात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण पिशवीवर पाणी पडलं की बोटं ओळखत नाहीत, स्क्रीन आपोआप पळते. व्हिडिओ बंद ठेवायचा, फक्त आवाज घ्यायचा, नाहीतर दिवसाचा डेटा पहिल्या तासालाच जातो. लाइट गेलेली, म्हणून बॅटरी वीस टक्क्यांवर आली की हजेरी देऊन बाहेर पडायचं.

अशाच एका पोराने एवढं सगळं न अडखळता सांगितलं. कट्ट्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. वडगाववाल्याने मान डोलावली, निपाणीवाला चहाचा अर्धा कप त्याच्याकडे सरकवायच्या बेतात होता. तेवढ्यात अथणीचा आण्णा पुढं सरसावला.

"सगळं खरं रं बाळा. पण टेकाडावर जाताना पायात चप्पल होती का नव्हती, ते आधी सांग."